गिरणीवाल्या काकांस अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

हे पत्र आपल्या हाती न देता सर्वांसमोर लिहीत आहे, कारण गिरणीत उभे राहून आभार मानू लागले की आपण लगेच दुसऱ्या कामाला लागता आणि चक्कीच्या आवाजात माझे बोलणे राहून जाते. आपले नाव लिहू नये ही आपली अट मी पाळली आहे. दारव्हा तालुक्यातील आपल्या गावात ते सांगण्याची गरजही नाही.

आमच्या सासूबाईंना सिलिॲक आजार आहे, हे नागपूरला रक्ताची आणि नंतर दुर्बिणीतून घेतलेल्या लहान आतड्याच्या तुकड्याची तपासणी झाल्यावर कळले. गहू आणि जव यांतील ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेले की शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही त्यांचे रक्त का वाढत नव्हते, त्याचा उलगडा तेव्हा झाला. गहू आणि जव जन्मभर बंद, एवढाच उपाय. यावर गावात फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. पाहुण्याला भाकर वाढली तर ज्या गावात कमीपणा वाटतो, तेथे पोळीने माणूस आजारी पडतो हे पटावे तरी कसे? हॉलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, पाव मिळेनासा झाला तेव्हा या आजाराची मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा खंगू लागली, हे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाचे निरीक्षण मी दोघीतिघींना सांगून पाहिले. त्यांनी ते सौजन्याने ऐकून घेतले, इतकेच. आपण मात्र वाद घातला नाही. भाकर सुरू करूनही आईंचे जुलाब थांबत नाहीत असे मी सहज बोलले, तेव्हा आपण एकच प्रश्न केला, "ज्वारी दळता कशामागून?"

त्या प्रश्नाचे मोल मला घरी आल्यावर कळले. चक्कीच्या पाट्यांवर टाकीने केलेल्या खाचांत आधीच्या दळणाचे पीठ बसलेले असते आणि ते पुढच्या दळणात उतरते, हे आपण मला पाटा उघडून दाखवले. बोटाने खरवडल्यावर खाचेतून निघालेली ती पांढरट कणीक ज्वारीची नव्हती. पाकिटावर 'ग्लूटेनमुक्त' असे छापायचे असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, असा आपल्याकडे अन्नसुरक्षेचा नियम आहे. त्यापुढे गव्हामागून दळलेली आमची पायलीभर ज्वारी कोठे टिकणार होती?

यानंतर आपण जे केले ते कोणी सांगितले म्हणून नव्हे. मागच्या खोलीत बंद पडून असलेली लहान चक्की आपण उघडली, खरवडली, पाट्यांना नव्याने टाकी लावली, पीठ पडते तेथील कापडी नळी बदलली आणि या चक्कीवर गहू चढणार नाही असे घरच्यांनाही बजावले. पहिले तांदळाचे दळण आपण म्हशीच्या आंबोणात घातले आणि मगच आमच्या डब्याला हात लावला. गव्हाच्या पिठाची धूळ उडत येऊ नये म्हणून मधले दार लावून घेता, हेही मी पाहिले आहे. धान्याचीही वाट आपणच दाखवली. ज्वारीच्या रानात सोयाबीन आल्यापासून गावात ज्वारी विकत घ्यावी लागते आणि बाजारच्या ज्वारीत सुपात पाखडताना गव्हाचे दाणे सापडतात. आपण ज्या शेतकऱ्याचे घर सांगितले तो आपली ज्वारी खळ्यावर वेगळी काढतो, तरीही मी ती निवडून घेतेच.

आता स्वयंपाकाविषयी, कारण त्याचेही अर्धे श्रेय आपले आहे. ग्लूटेन म्हणजे कणकेला ताणणारा चिवटपणा. तो नसला की पोळी लाटताना फाटते आणि रोडगा निखाऱ्यात फुटतो, म्हणून नुसते पीठ बदलून भागत नाही. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, तेव्हा थोडे थोडे दळून न्या, असे आपण सांगितलेत आणि भाकरीच्या कडा चिरणे थांबले. उकरपेंडी आपण दळलेल्या जाडसर ज्वारीची अशी मोकळी होते की घरात आता कोणीच गव्हाची मागत नाही. पुरणपोळी अवघड होती. दोन भाग तांदूळ आणि एक भाग ज्वारी एकत्र, अगदी बारीक दळून देण्याची युक्ती आपली. त्याची उकड काढून गरम असतानाच मळायची, पुरण नेहमीपेक्षा कोरडे शिजवायचे आणि ओल्या फडक्यावर थापायची. पोळी जाड होते, हे खरे. पोळ्याच्या सणाला पहिला घास घेऊन आई म्हणाल्या, "जाडी हाय, पण माही हाय."

रोडग्यांचा नाद मात्र आम्ही सोडला. त्यांचे ते तुपाचे पदर ज्वारीच्या पिठात बसतच नाहीत. त्याऐवजी मका आणि ज्वारीच्या जाड पिठाचे पानगे करते. गव्हात जो आधार कणकेच्या आत असतो तो येथे पळसाच्या दोन पानांकडून घ्यायचा, गोवऱ्यांच्या आरात सावकाश भाजायचे आणि पान करपून सुटेपर्यंत हात लावायचा नाही. वांग्याची भाजी आणि वरण यांच्यासोबत ते गव्हाच्या पानग्यांहून बरे लागतात, असे माझे मत आहे, यजमानांचे नाही. सरगुंडे, म्हणजे काडीवर वळायच्या गव्हाच्या शेवया, जमलेच नाहीत. जाता जाता एक गोष्ट हे वाचणाऱ्या भगिनींसाठी लिहिते: हिंगाच्या डबीवरील घटक वाचावेत, कारण बांधणी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. आमच्या फोडणीत आता लसूण आणि जिरेच असतात.

आईंचे जुलाब थांबले, वजन वाढते आहे, आणि मागच्या तपासणीत रक्तही वाढलेले आढळले. त्या पुन्हा चुलीपुढे बसू लागल्या आहेत आणि माझ्या भाकरीला नावे ठेवू लागल्या आहेत.

महालक्ष्म्या जवळ आल्या आहेत. नैवेद्याच्या ताटातील ज्वारीची आंबील तेवढी आईंना पूर्वीपासून चालते. बाकीच्यासाठी तांदूळ-ज्वारीचे दळण आणि वड्यांसाठी हरभऱ्याची डाळ सणाच्या दोन दिवस आधी पाठवीन. डब्याला हिरवी चिंधी बांधलेली असेल. एक विनंती आहे. म्हशीला जाणाऱ्या पहिल्या दळणाचे धान्य आपण स्वतःचे घालता आणि आमच्याकडून त्याचे काही घेत नाही. या वेळी ते तांदूळही मी वेगळे बांधून पाठवीत आहे, ते आणि दळणाचे पूर्ण पैसे आपण घ्यावेत. परत पाठवलेत तर आई स्वतः गिरणीत येणार आहेत, आणि त्या कशा बोलतात हे आपणास ठाऊक आहे.

आपली नम्र,
खालच्या आळीतील सूनबाई