राउटर बंद-चालू करा, आणि पुरावाही पुसा!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नेट गेलं की कस्टमर केअरवाल्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "सर, राउटर एकदा बंद करून चालू करा." आपण करतो पण, आणि बऱ्याचदा नेट येतंही. पण लाईन कधी तुटली, किती वेळा तुटली याची जी नोंद राउटर ठेवत असतो ती त्याच क्षणी साफ होते, हे कुणी बोलत नाही. परत तक्रार केली की "आमच्याकडे तर सगळं ओके दिसतंय". दिसणारच, पुरावा तुम्हीच पुसायला लावला ना!

घरच्या राउटरमध्ये ही नोंद, म्हणजे लॉग, बहुतेक वेळा रॅममध्येच असतो, म्हणजे वीज असेतोवरच टिकणाऱ्या मेमरीत. ओपनडब्ल्यूआरटीसारख्या मोफत फर्मवेअरमध्येही (राउटर चालवणारं सॉफ्टवेअर) मुळात तसंच, कुठल्या मोबाईलला कुठला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिला ती यादीसुद्धा रॅममध्ये, म्हणजे लाईट गेली की पाटी कोरी. त्यात बऱ्याच राउटरमध्ये घड्याळासाठी सेल नसतो, त्यामुळे चालू झाल्यावर नेटवरून वेळ मिळेपर्यंत काही राउटर चक्क १ जानेवारी १९७० दाखवतात, आणि नेटच नसेल तर वेळ आणणार कुठून?

मग लॉग लाईट गेली तरी टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत का लिहीत नाही? यावर उत्तर ठरलेलं, सारखं लिहिलं तर फ्लॅश मेमरी झिजते. खरंय ते. बऱ्याच राउटरमधल्या नॉर प्रकारच्या फ्लॅशचा एक ब्लॉक (एकदम पुसला जाणारा भाग) साधारण १ लाख वेळा पुसता येतो, दर मिनिटाला तोच ब्लॉक पुसून लिहिला तर ७० दिवसांत निकाल. पण तासाला एकदा लिहा की, मग तोच हिशोब ११ वर्षांवर जातो आणि तेवढं राउटर तरी कुठे टिकतं? शिवाय लाईन तुटली की तेव्हाच एक ओळ लिहून ठेवा. फक्त बंद होताना सेव्ह करायची सोय आपल्याकडे काय कामाची, लाईट काय सांगून जाते का? यूएसबी पोर्ट असेल तर पेनड्राईव्हवर लिहायचा ऑप्शन द्या, तिथे झिजला तर पेनड्राईव्ह झिजेल.

तोवर वाचकांनी एवढं करा, बंद करायच्या आधी राउटरच्या सेटिंगच्या पेजवर जाऊन सिस्टिम लॉग सेव्ह करा, नाही जमलं तर स्क्रीनशॉट. आणि कंपन्यांनी केअरवाल्यांना "आधी लॉग घ्या, मग बंद करा" एवढं तरी शिकवावं, आणि ते ट्रायने (दूरसंचार नियामक) सक्तीचं करावं.

आपला,
एक वाचक, सांगली