रातांब्याचा ओकिनावातला भाऊबंद

ओन्ना, ओकिनावा
सप्टेंबर

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

इथे येऊन बारा दिवस झाले. पोचल्याचा फोन केला तेव्हा तू विचारलंस, "कसं आहे रे बेट?" आणि मी "दमट आहे, आपल्यासारखंच" एवढं बोलून फोन ठेवला. ते उत्तर मला तेव्हापासून टोचतंय. 'आपल्यासारखंच' म्हणजे किती, हे गेल्या आठवड्यात बिसे नावाच्या गावात कळलं. ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

बिसे म्हणजे मोतोबू द्वीपकल्पाच्या टोकावरचं, समुद्राला लागून असलेलं छोटं गाव. लेकीने सकाळी लवकर नेलं. पांढऱ्या वाळूची अरुंद पाखाडी, दोन्ही बाजूंना काळपट हिरव्या झाडांच्या दाट रांगा, आणि घरं त्या रांगांच्या आत. बाहेरून घर दिसतच नाही. झाडाचं नाव फुकुगी. समोरासमोर जोडीने आलेली, चामड्यासारखी जाड पानं, सरळसोट खोड. खाली नारिंगी फळं पडून फुटलेली आणि त्यांचा उग्र वास. त्यांवर ताव मारतात ती वटवाघळं. मी एक पान मोडलं तर बोटावर पिवळा चीक. बापू, मी तिथेच थांबलो. तुझ्या विहिरीपाशी लहानपणी आपण रातांबे काढायचो, तेव्हा बोटं अशीच पिवळी व्हायची. लेकीला म्हटलं, "हे रातांब्याच्या घरातलं आहे." तिने फोनवर शोधलं. आपला कोकम गार्सिनिया इंडिका, हा गार्सिनिया सबएलिप्टिका. सख्खी भावकी! फळ माणसाच्या कामाचं नाही, पण सालीपासून पक्का पिवळा रंग निघतो आणि इथल्या बिंगाता कापडावरचा पिवळा तोच.

पण ही झाडं रंगासाठी लावलेली नाहीत. वाऱ्यासाठी लावलीत. इथे दरवर्षी तुफानं येतात, आणि अठराव्या शतकात, ओकिनावा हे र्‍युक्यूचं वेगळं राज्य असताना, साई ओन नावाच्या मंत्र्याने घराभोवती, गावाभोवती, किनाऱ्यालगत झाडांचे पट्टे राखण्याचा आग्रह धरला. अशा पट्ट्याला 'होगो' म्हणतात. म्हणजे कवेत घेऊन राखणं. बिसेमधली काही झाडं ३०० वर्षांची समजली जातात. वाढ फार सावकाश, म्हणून लाकूड घट्ट.

एक आजी अंगणासमोरची वाट झाडत होत्या. इथे आजीला 'ओबा' म्हणतात. पानं गोळा करताना त्या एका झाडाशी थांबल्या, खोडावर हात टेकला आणि लेकीशी बराच वेळ बोलल्या. लेकीने सांगितलं ते असं : तुफान आलं की आवाज वर होतो, आम्ही खाली असतो. ही रांग वारा अडवत नाही, गाळते. भिंत घातली तर वारा भिंतीवरून उडी मारून थेट छपरावर पडतो. झाडांतून जाताना मात्र त्याचा जोर पानापानावर खर्च होतो, आणि खारं पाणीही पानांवरच राहतं.

मला ३ जून २०२० आठवला. 'निसर्ग' चक्रीवादळ येऊन गेल्यावर तू फोनवर काही बोलू शकला नव्हतास. नंतर मी दिवेआगरला आलो तेव्हा तुझ्या वडिलांच्या पोफळी एकाच दिशेला डोकं करून आडव्या पडल्या होत्या, विड्याच्या गड्ड्या पसराव्यात तशा. तू म्हणालास, "समुद्राच्या अंगाला काही उरलंच नव्हतं रे." ते वाक्य मी त्या वाटेवर उभा राहून पुन्हा ऐकलं.

पुढे किनाऱ्यावर गेलो आणि भाऊबंद भेटतच गेले. वाळूत केवडा, आपल्या बनातला तोच. इथे त्याला 'आदान' म्हणतात. पिकलेलं फळ अननसासारखं दिसतं. त्याच्या पानांच्या टोप्या विणत आणि त्या एके काळी परदेशी जात. थोडं आत उंडी : तेच गोल फळ, तीच चकचकीत पानं. आपण तिचं तेल होड्यांना लावतो, इथे ती किनाऱ्याच्या रस्त्यांवर वाऱ्याची ढाल म्हणून उभी आहे. पांगारा तर या प्रांताचं अधिकृत फूल आहे. त्याच्या हलक्या लाकडावर इथे लाखेची भांडी घडतात, आणि मला सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी आठवली. २००५ पासून एका बारीक गांधीलमाशीने पांगाऱ्याला इथे फार छळलंय, पानांवर गाठी धरतात. एका शाळेच्या आवारातलं झाड तसं पाहिलं, फार वाईट वाटलं. आणि नांदरुक! इथे 'गाजुमारू'. त्याच्या पारंब्यांत किजिमुना नावाचं लाल केसांचं पोर राहतं, त्याला माशांचे डोळे आवडतात, असं सांगतात. आपला मुंजा पिंपळावर, यांचा नांदरुकावर.

बिसेच्या समोर समुद्रात इएजिमा बेट दिसतं, मधोमध टोकदार डोंगर. १९४५ च्या लढाईत तिथे दोन जपानी सैनिक एका नांदरुकाच्या फांद्यांत लपले. युद्ध संपल्याचं त्यांना कळलंच नाही आणि ते १९४७ पर्यंत झाडावर राहिले. त्या लढाईला इथली माणसं 'पोलादाचं वादळ' म्हणतात. दक्षिणेला माबुनीच्या युद्धस्मारकाला जाऊन आलो. काळ्या दगडांवर २ लाख ४० हजारांहून जास्त नावं कोरली आहेत, इथल्या लोकांची, जपानी सैनिकांची, अमेरिकनांचीही. एक बाई एका नावावर ओल्या फडक्याने हळूच पुसत होती. मी पुढे गेलो नाही.

त्या लढाईने माणसांबरोबर विद्याही नेल्या. किजोका गावात केळीच्या सोपटाच्या धाग्याचं कापड करतात, 'बाशोफू'. युद्धानंतर अमेरिकन लष्कराने डासांच्या भीतीने तिथल्या केळी तोडल्या. तोशिको तायरा यांनी लोकांना गोळा करून ती कला पुन्हा उभी केली. २००० मध्ये त्यांना देशाने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला, २०२२ मध्ये १०१ व्या वर्षी त्या गेल्या. मी तिथे एका बाईंसमोर बराच वेळ बसलो. राखेच्या पाण्यात उकळून, बांबूच्या चिमट्याने ओढून काढलेला धागा केसासारखा बारीक. दोन टोकं जुळवायची, नखाने गाठ मारायची, उरलेलं टोक छोट्या पात्याने कापायचं. पुन्हा दुसरं टोक. एका किमोनोच्या कापडाला सुमारे २०० झाडं लागतात आणि झाड तयार व्हायला तीन वर्षं. आपण घड उतरवला की केळ बांधावर टाकतो. त्या बाईंची बोटं पाहताना मला तेवढंच सुचत होतं.

जेवणाचं थोडक्यात सांगतो : कारलं, टोफू आणि अंडं एकत्र परतलेलं 'गोया चानपुरू' रोज खातोय, कडूपणा आपल्यासारखा लपवत नाहीत. पण एक गोष्ट वहिनींना जरूर सांग. इथे 'गेत्तो' नावाची आल्याच्या कुळातली वनस्पती कुंपणाला असते, तिचं पान लांब, सुगंधी. चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्यात अष्टमीला त्या पानात तांदळाच्या पिठाचा गोळा गुंडाळून वाफवतात आणि मुलांच्या आरोग्यासाठी वाढतात. हळदीच्या पानातल्या पातोळ्याच की! मी पान चुरगळून हुंगलं आणि नागपंचमीचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं.

आणि देवराया. इथे त्यांना 'उताकी' म्हणतात. मूर्ती नाही, देऊळ नाही; झाडं, दगड आणि थोडी मोकळी जागा. सेफा उताकी सगळ्यांत थोर, राज्याची मुख्य पुजारीण तिथे विधी करायची. जुन्या काळी पुरुषांना मज्जाव होता. बहिणीच्या अंगात भावाला राखणारी दैवी शक्ती असते, असं इथे मानतात. दोन प्रचंड दगड एकमेकांवर टेकलेत, त्यांच्यामध्ये तिकोनी फट आहे आणि तिच्या पलीकडे समुद्रात कुदाका बेट आहे. आपल्या देवराईत आजोबा चप्पल काढून, पान न तोडता आत नेत, तसाच आत गेलो. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप जुळले.

आता तुझ्याशी कामाचं. फुकुगीचं बी आणण्याचा मोह झाला होता, पण परमुलखातलं बी उचलून आणायचं नाही आणि आपल्याला त्याची गरजही नाही. तुझ्या बांधावर पश्चिमेला कॉंक्रीटची भिंत घालायचं चाललंय, असं तू मागच्या पत्रात लिहिलंस. बापू, ती भिंत तूर्त थांबव. वाळूच्या बाजूने पहिली ओळ केवड्याची, मग उंडी, मग रातांबे, आणि त्यांच्या आत नव्या पोफळी. ओळ एका दाटीची, फटी न ठेवता. पहिली काही वर्षं काही दिसणार नाही, हे खरं. माझ्या हयातीत ती छपराएवढी होईल की नाही, माहीत नाही. तुझ्या नातवाला मात्र तिच्यामागे पोफळी उभ्या दिसतील.

देवळामागच्या उंडीखाली पडलेल्या बिया गोळा करून ठेव. कवच अलगद फोडलं तर लवकर रुजतात. रातांब्याची रोपं तुझ्याकडे आहेतच. दिवाळीआधी मी येतोय. पश्चिमेच्या बांधाची लांबी पावलांनी नको, टेपने मोजून ठेव, आणि पहार शेजाऱ्याकडे असेल तर मागवून घे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
आबा