मावशींचा अंगठा आणि यंदाचा नाताळ

जालना,
१० डिसेंबर

प्रिय दाविद,

प्रभूच्या नावाने सलाम.

माझी प्रकृती ठीक आहे, साखर औषधांनी आटोक्यात आहे, आणि थंडीमुळे हिचे गुडघे पुन्हा बोलू लागले आहेत. त्या विषयात याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही. हे सारे फोनवर सांगता आले असते, परंतु फोनवर तू मध्येच उत्तरे देऊ लागतोस आणि माझे म्हणणे अर्धे राहते, म्हणून मुद्दाम कागद घेऊन बसलो आहे.

रविवारी उपासनेनंतर नाताळाच्या तयारीची सभा झाली. गेल्या वर्षीप्रमाणेच २४ तारखेला देवळाच्या आवारात मंडप घालायचा, पाहुणे बोलवायचे आणि गोरगरिबांना ब्लँकेटे वाटायची असे ठरत होते, आणि यादीत पहिले नाव बोर्डिंगात आपल्याला भाकऱ्या करून घालणाऱ्या मावशींचे होते. गेल्या वर्षी त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवून, ब्लँकेटचे एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरे पाहुण्यांच्या हातात देऊन फोटो काढला होता, आणि तो फोटो पुढे कितीतरी दिवस चौकातल्या फलकावर झळकत होता. यंदा संडे स्कूलची मुले निमंत्रण घेऊन गेली तेव्हा मावशींनी त्यांच्या हातावर शेंगदाणे ठेवले आणि सांगितले, "मला गोधडी हाय. मी यायची नाही." हे सभेत कळले तेव्हा कोणी हसले, कोणी म्हातारीला मानी म्हटले, आणि त्यांचे नाव खोडून दुसरे घालण्याची सूचना आली. आपल्या मावशी, दाविद! त्या बैठकीत त्यांच्या हातची भाकरी खाल्लेला मी एकटाच होतो, आणि म्हणूनच हे तुलाच लिहीत आहे.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. दोन्ही मुले सुनांना घेऊन दसऱ्यानंतरच ऊसतोडीला गेली आहेत. अतिवृष्टीत सोयाबीन गेल्यामुळे यंदा मुकादमाकडून उचल जास्त घ्यावी लागली, आणि ती फेडायची तर पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचे गाळप संपेपर्यंत, फडावरून परतता येणार नाही. धाकट्याची मुलगी शाळेसाठी मावशींजवळ ठेवली आहे. ब्लँकेटाविषयी त्या अवाक्षर बोलल्या नाहीत, मीच विचारल्यावर म्हणाल्या, "ऊब हाय रे. अंगठा उठंना, तेवढं बघ." रेशन दुकानातल्या यंत्रावर त्यांचा ठसा उमटत नाही. त्यांचे कार्ड अंत्योदयचे आहे, महिन्याला ३५ किलो धान्याचा हक्क आहे, आणि तरीही पुढच्या वेळी या असे ऐकून त्या रिकामी पिशवी घेऊन परत येत आहेत. मी त्यांचे बोट उजेडात धरून पाहिले. त्यावर रेषाच राहिलेल्या नाहीत. साऱ्या बोर्डिंगच्या भाकऱ्या थापून आणि चुलीतली लाकडे सारून ते बोट गुळगुळीत झाले आहे.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत आहे. लूककृत शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माची कथा सुरू होते ती सरकारी नावनिशीपासून. कैसर औगुस्ताची आज्ञा सुटते, आणि दिवस भरत आलेल्या मरियेला योसेफाबरोबर नासरेथाहून बेथलेहेमापर्यंतची वाट धरावी लागते. पुढे बाळाला मंदिरात नेतात तेव्हा ते कोकरू अर्पण करीत नाहीत. पक्ष्यांची जोडी देतात, आणि लेवीय नियमशास्त्रात ती सवलत कोकरू न परवडणाऱ्या बाईसाठी आहे. मत्तय सांगतो की त्यानंतर त्यांना रातोरात मिसर देशात पळावे लागले. आपण दर नाताळात गरिबांना देणाऱ्यांच्या बाजूने उभे राहतो, आणि ज्याचा जन्म साजरा करतो त्याचे घर मात्र घेणाऱ्यांच्या बाजूचे होते. तो वरून काही वाटायला आला नाही. त्याने दासाचे रूप घेतले असे पौल फिलिप्पैकरांस लिहितो, आणि दासाला मंचावर खुर्ची नसते. म्हणून मला वाटते की नाताळाची सेवा म्हणजे मावशींबरोबर आधार केंद्राच्या रांगेत उभे राहणे. तिथे ठसे नव्याने नोंदवता येतात, बुबुळांवरूनही ओळख पटवता येते, परंतु त्यासाठी कोणीतरी आपला दिवस मोडून त्यांच्याबरोबर जायला हवे.

पुढच्या सभेत मी एवढेच मांडले की मंडपाचा खर्च वाचवावा, आणि ज्यांचे अंगठे उठत नाहीत, ज्यांचे हयातीचे दाखले अडले आहेत, श्रावणबाळ योजनेचे पैसे बंद पडले आहेत अशा म्हाताऱ्यांची कामे तरुण संघाने वाटून घ्यावीत. आणि २५ तारखेच्या उपासनेनंतर सर्वांनी फराळाचे डबे घेऊन गोदाकाठच्या उसाच्या फडावर जावे, ऊसतोड मजुरांच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, बसून त्यांच्याबरोबर जेवावे. ब्लँकेटे देऊच नयेत असे मी म्हटले नाही. पाचटाच्या कोपीत डिसेंबरची रात्र काढणाऱ्याला ब्लँकेट लागतेच. ते त्याच्या कोपीत नेऊन द्यावे आणि कॅमेरा घरी ठेवावा.

त्यावर जे बोलणे झाले ते तुला नावे न घेताही ओळखता येईल. एकाने म्हटले की हे सरकारचे काम आहे. दुसऱ्याने म्हटले की हे समाजकार्य झाले, नाताळ आध्यात्मिक असतो. जणू मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा न्याय करताना भुकेलेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांच्याविषयी विचारतच नाही! परंतु खजिनदारांचे म्हणणे माझ्या मनातून जात नाही. ते म्हणाले, आपण मूठभर लोक आहोत, आपण एखाद्याला घोटभर पाणी दिले तरी लोक धर्मांतराचा संशय घेतात, म्हणून जे करतो ते उघड्यावर, पाहुण्यांसमोर, फोटोसह केलेले बरे. या भीतीला आधार नाही असे मी म्हणू शकत नाही. तरीही उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असे प्रभूने सांगितले ते काही निर्धास्त लोकांना सांगितले नव्हते, आणि आपल्या बचावासाठी मावशींचा चेहरा वापरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

अरे, हे मी काही नवे काढलेले नाही. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी याच जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले, ते त्या काळी ज्यांची सावलीही नकोशी मानली जाई अशांसाठी. बीडची हद्द ओलांडली की जामखेड लागते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले, आणि त्यांनी दवाखाना तर काढलाच, पण खेड्यातल्या अक्षरओळख नसलेल्या, पुष्कळदा दलित वस्तीतल्या बायांना बाळंतपण आणि बालसंगोपन शिकवून गावाचे आरोग्य त्यांच्याच हाती सोपवले. घेणारी बाई देणारी झाली. १९७९ च्या मॅगसेसे पुरस्कारापेक्षा मला तीच गोष्ट मोठी वाटते. आणि अस्सिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चोला गव्हाणीचा देखावा उभा केला हे आपण संडे स्कूलमध्ये शिकलो. पण नाताळच्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे आणि बैलांना व गाढवांना नेहमीपेक्षा जास्त चारा मिळावा अशीही त्याची इच्छा होती. हे मी सभेत सांगितले आणि म्हटले की आपल्या देखाव्यात पुठ्ठ्याचे बैल आहेत, आणि खरे बैल रात्री दोन वाजता उसाची गाडी ओढत कारखान्याच्या दाराशी नंबराला उभे आहेत. पाळक साहेब तरुण आहेत. ते गप्प राहिले, पण त्यांनी ते वहीत टिपले.

आता तू हसत असशील, कारण ही बाजू तुझी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरचा तो नाताळ आठव. पत्र्याच्या शेडमध्ये मी धान्याची पोती मोजत होतो, आणि तू रात्रभर सास्तूरच्या त्या गृहस्थाजवळ एक शब्दही न बोलता बसून राहिलास. पहाटे आपले कडाक्याचे भांडण झाले आणि ईस्टरपर्यंत अबोला टिकला. माझे मत अजून बदललेले नाही: पोती मोजली नसती तर पुढच्या शेडला धान्य पोचले नसते. परंतु त्या माणसाने नंतर तुझी चौकशी केली, पोत्यांची केली नाही, हेही मी विसरलेलो नाही. मंडळीला मला या दोन्ही गोष्टी एकदम सांगायच्या आहेत, आणि दुसरी मला तुझ्यासारखी सांगता येत नाही.

येत्या रविवारी निर्णय आहे. मंडळीत दोन तट पडतील याची मला खरोखर चिंता वाटते. ब्लँकेटांसाठी पैसे देणारी माणसे मनाने वाईट नाहीत, आणि नाताळाच्या तोंडावर कोणी रुसून घरी बसावे असे मला वाटत नाही. तू पाळक साहेबांना चार ओळी लिहिल्यास तर ते वाचतील. तुझा शब्द इथे अजून मानतात. माझे नाव त्यात घालू नकोस. निर्णय काहीही झाला तरी सोमवारी मी मावशींना घेऊन आधार केंद्रावर जाणार आहे. तोवर आमच्या घरचे गहू-तांदूळ त्यांच्याकडे पोचले आहेत, आणि ते त्यांनी रेशन सुटल्यावर परत करायच्या अटीवरच ठेवून घेतले.

धाकटीचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला. मुलगा कुठे नोकरीला आहे ते कळव. घराचे प्लॅस्टर झाले का? वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद. शक्य असेल तर २४ ला मुक्कामाला ये आणि हार्मोनियम घेऊन ये; आमच्या पेटीचा भाता फाटला आहे, आणि फडावर भजने म्हणायची तर पेटी लागेल. मावशींना तू येणार असल्याचे अजून सांगितलेले नाही. तुझे उत्तर आले की सांगतो.

तुझा,
याकोब