शनिवारी खडी टाकायची आहे – एन गेज मॉडेल रेल्वे लेआउट

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, आपल्या ग्रेट वेस्टर्न (जुनी ब्रिटिश रेल्वे कंपनी) शाखामार्गाच्या मॉडेलवर (ब्रिटिश एन, प्रमाण १:१४८, गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर ९ मिमी) येत्या शनिवारी सकाळी १० वाजता, नेहमीच्या खोलीत खडी टाकायला सुरुवात होईल.

ज्यांच्याकडे लेआउटचे बोर्ड (रूळ बसवलेल्या फळ्या) आहेत त्यांनी शुक्रवारपर्यंत रुळांच्या प्रत्येक तुकड्याला वायर सोल्डर करून गाडी चालवून पाहावी. हे काम नंतरवर ढकलू नका. खडी बसल्यावर वायर जोडायची तर सोल्डरिंग जास्त वेळ करावे लागते, प्लास्टिकचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) वितळतात आणि गेज बिघडतो.

सोबत मऊ ब्रश, ड्रॉपर आणि स्प्रेची बाटली आणावी. बारीक खडी व गोंद इथे आहे.

• पीव्हीए गोंद १ भाग, पाणी ३ भाग, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. हा थेंब विसरला की गोंद आत मुरत नाही, खडी वाहून जाते.
• खडी स्लीपरच्या वर नको. रुळाच्या आतल्या कडेला एक खडा चिकटला तरी एवढे लहान चाक उचलले जाते.
• पॉइंटच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) हलत्या पात्यांशी आणि ती पाती जोडणाऱ्या टाय-बारखाली गोंद अजिबात नको. तिथे बोर्डला फक्त राखाडी रंग द्यावा.

रविवार सकाळपर्यंत बोर्ड हलवू नयेत.