विषाणू झोपलेला नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या आरोग्य पुरवणीत एचआयव्हीवर अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आभार. एक डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनाखेरीज या विषयाला सहसा कुठे जागा मिळत नाही. पण त्या पानावर चौकट करून, ठळक अक्षरांत एक वाक्य छापले आहे: ‘लागण झाल्यावर आठ-दहा वर्षे विषाणू शरीरात झोपून असतो.’ काल सकाळी माझ्या वहिनीने पुरवणी माझ्यासमोर धरली, त्या चौकटीवर बोट ठेवले आणि विचारले, “भाऊजी, झोपलाच आहे तर मी रोज रात्री गोळी कशाला घेते?”

दिवसभर माझे द्राक्षबागेत लक्ष लागले नाही. हेच वाक्य आमच्या घरात एकदा खरे मानले गेले होते.

माझा थोरला भाऊ २०१२ साली तपासणीत बाधित निघाला. सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पेशींची रक्तातली संख्या, ५१२ होते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ही संख्या ३५० च्या खाली आल्यावर औषध सुरू होत असे. केंद्रावर त्याला सांगितले, आत्ता गोळ्या नाहीत, दर सहा महिन्यांनी रक्त द्यायला या. समोर चाळीस माणसे रांगेत होती, दोन मिनिटांत बोलणे संपले. दादाने त्यातून एवढेच घेतले की, गोळ्या नाहीत म्हणजे काही झालेले नाही. तो परत गेलाच नाही. छाटणी, घड द्रावणात बुडवायचे डिपिंग, रात्रीचे पाणी सगळे पहिल्यासारखेच करत होता. घरात आम्हीही म्हणायचो, एवढा धडधाकट माणूस, त्याला कसला आजार.

२०१४ च्या पावसाळ्यात त्याच्या कमरेला उजव्या बाजूने नागीण उठली. आईने गेरू उगाळून लावला. शेजारच्या गावातून मंतरून आणले. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळता कामा नये, एवढीच सगळ्यांना धास्ती. नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू, अंगातली ताकद घटली की तो पुन्हा डोके वर काढतो, हे तेव्हा कुणी सांगितले नाही. अडतीस वर्षांच्या माणसाला नागीण का उठली, हेही कुणी विचारले नाही. मग जिभेवर पांढरा थर आला. आम्ही तंबाखूला दोष दिला. दिवाळीपर्यंत पट्ट्याला दोन नवी भोके पाडावी लागली.

२०१५ च्या जूनमध्ये पंधरा दिवस डोके दुखत होते, मग तो माणसे ओळखेनासा झाला. मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग. सीडी-फोर ४१. जुलैमध्ये तो गेला.

५१२ वरून ४१ वर येताना त्या तीन वर्षांत एक दिवसही विषाणू झोपलेला नव्हता. उपचार नसताना तो रोज अब्जावधींच्या संख्येने तयार होतो, हे १९९५-९६ पासून माहीत आहे. सीडी-फोर पेशी म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीत इतरांना कामाला लावणाऱ्या पेशी. विषाणू नेमका त्यांच्यात शिरतो, आपला मजकूर त्यांच्या जनुकांत लिहून ठेवतो आणि त्यांच्याकडूनच आपल्या प्रती काढून घेतो. लागण झालेल्या पेशी मरतात, आजूबाजूच्या न झालेल्याही मरतात. पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या या पेशींचा फडशा पडतो. तेव्हा अनेकांना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ येऊन जाते, आणि व्हायरल म्हणून ते विसरले जाते. पुढची वर्षे शरीर रोज नव्या पेशी तयार करून भर घालत राहते.

वहिनीला मी विहिरीचे उदाहरण दिले. मोटर रात्रंदिवस चालू आहे, झराही वाहतो आहे, म्हणून वरून पाहणाऱ्याला पाणी तेवढेच दिसते. मोटर बंद आहे असे त्याला वाटते. झरा आटायला लागला की मग पायऱ्या उघड्या पडतात. २०० च्या खाली सीडी-फोर गेले की त्याला एड्स म्हणतात. आपल्याकडे अशा वेळी सर्वांत जास्त जणांना क्षयरोगच गाठतो.

झोपलेला विषाणू असतोही, पण फक्त तेवढाच उरतो तो वहिनीसारख्या गोळी घेणाऱ्यांच्या शरीरात. काही पेशींत तो गप्प पडून राहतो, औषधाचा त्याच्यावर परिणाम होत नाही, म्हणून आजार मुळातून जात नाही. गोळी थांबवली की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच तो पुन्हा वाढतो. म्हणजे गोळी आहे म्हणून तो दबून आहे. तुमच्या चौकटीत हे नेमके उलटे झाले.

वहिनी २०१५ साली बाधित निघाली तेव्हा तिचे सीडी-फोर सहाशेच्या वर होते, म्हणून तिलाही थांबायला सांगितले. दादाच्या अनुभवाने ती दर सहा महिन्यांनी न चुकता रक्त देत राहिली. २०१७ मध्ये सीडी-फोर कितीही असो, सर्वांना उपचार, असा नियम झाला आणि तिला गोळ्या मिळाल्या. आज तिच्या रक्तात मोजता येईल इतकाही विषाणू तपासणीत सापडत नाही. हा नियम पाच वर्षे आधी आला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणखी एक. त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात नव्वद दिवसांत एचआयव्ही मुळापासून बरा करण्याची जाहिरात आहे. नागीण उठल्यावर दादाने असलेच चूर्ण चार महिने घेतले होते, गायीचे पैसे घालून. औषध नियमांच्या परिशिष्ट ‘जे’मध्ये, ज्या रोगांवर इलाज असल्याचा दावा करता येत नाही अशांच्या यादीत, पहिलेच नाव एड्सचे आहे. वर माहिती आणि खाली ही जाहिरात, हे तुमच्या पानावर शोभत नाही. ती जाहिरात घेणाऱ्या विभागाला हे पत्र कृपया दाखवावे.

दुरुस्ती छापाल तर तेवढीच चौकट आणि तेवढीच अक्षरे ठेवा. आतल्या पानावरच्या दोन ओळी वहिनीच्या नजरेस पडणार नाहीत, आणि तिच्यासारखे वाचणारे आणखी कितीतरी आहेत.

माझे नाव व गाव छापू नये. पुतणी अकरावीला आहे आणि तिच्या महाविद्यालयाच्या वाचनालयात तुमचे वर्तमानपत्र येते.

आपला,
एक द्राक्षबागायतदार
जि. सांगली