शाळेच्या खिचडीत गावची भाजी पडू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शालेय पोषण आहाराचे दर वाढले, पाककृती बदलल्या, अंडी सुरू झाली, अंड्यांचा निधी बंद झाला, या सगळ्या बातम्या मी आवर्जून वाचते. त्या ताटात ताजी भाजी किती पडते, यावर मात्र फारसे कुणी लिहीत नाही. आम्ही जुन्नर तालुक्यात टोमॅटो, मेथी, कोथिंबीर पिकवतो. मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शेतातून भाजी निघताना मी रोज पाहते आणि शाळेच्या पातेल्यात ती किती पोहोचते तेही पाहते. या दोन्हींचा मेळ बसत नाही, म्हणून हे पत्र.

सरकारी प्रमाण कागदावर चांगलेच आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी. तांदूळ केंद्र सरकार देते. डाळी, कडधान्ये, तेल, तिखट-मीठ ग्रामीण भागात पुरवठादार शाळेत आणून टाकतो आणि ते वजन करून उतरवून घेता येते. भाजी मात्र शाळेने आणायची, आणि तिचे पैसे येतात ‘इंधन व भाजीपाला’ अशा एकाच नावाखाली. गॅस सिलिंडर महाग झाला म्हणून अर्ध्या गॅसवर भात शिजत नाही. मग हात आखडतो तो भाजीवर. त्यातून ही रक्कम वेळेवर आली तर ठीक, नाहीतर मुख्याध्यापकांची पदरमोड किंवा दुकानदाराची उधारी. उधारीवर बटाटा-कांदा मिळतो, पालेभाजी मिळत नाही.

साठ मुलांच्या खिचडीत चार बटाटे, तीन कांदे आणि स्वस्त असतील तेव्हा मूठभर टोमॅटो, असे पातेले मी अनेकदा पाहिले आहे. हळदीमुळे खिचडी छान पिवळी दिसते, वास चांगला येतो, मुले पोटभर जेवतात. भात-डाळीने उष्मांक भरून निघतात, नोंदवहीत ‘भाजी’ या रकान्यात खूण होते. पण त्या खूणेमागे किती ग्रॅम आहे, हे कुणी तपासत नाही.

आता हिशेब करून बघा. साठ मुले, प्रत्येकी ५० ग्रॅम, म्हणजे दिवसाला तीन किलो. आठवड्याचे सहा दिवस धरले तरी अठरा किलो. आमच्याकडे टोमॅटोचे एक क्रेट वीस किलोचे भरते. म्हणजे अख्ख्या शाळेची आठवड्याची भाजी एका क्रेटपेक्षा कमी! आणि ज्या तालुक्यातून दररोज ट्रक भरभरून भाजीपाला मुंबई-पुण्याला जातो, तिथल्या शाळेत ती नाही. भाव पडला की तोडणीची मजुरीही सुटत नाही, तेव्हा लोक उभ्या प्लॉटमध्ये मेंढ्या घालतात. मेथीची जुडी मातीमोल झाली की शेतातच रोटर फिरवतात. त्याच शेताच्या बांधावरून शाळेत जाणारे पोर दुपारी पिवळा भात खाते.

ही माझी हळहळ नाही, मुलांच्या रक्ताचा प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हाची ती लेकरे आज प्राथमिक शाळेत बसली आहेत. शाळेतले जेवण हे त्यांतल्या कित्येकांचे दिवसातले सगळ्यात चांगले जेवण असते. डाळी आणि पालेभाज्यांतले लोह अंगी लागायला जोडीला क जीवनसत्त्व हवे, म्हणजे लिंबू, टोमॅटो, कोबीची कोशिंबीर, पेरूची फोड. यातले काहीच महागडे नाही, बाहेरून आणायचे नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहार मार्गदर्शिका काढली, तिच्यात जवळपास अर्धे ताट भाज्या आणि फळांचे असावे असे सांगितले आहे. आमच्या शाळेच्या ताटात अर्धे सोडा, वाटीभर तरी असावी.

‘मुले भाजी खातच नाहीत, ताटाच्या कडेला काढून ठेवतात,’ असे समितीच्या बैठकीत नेहमी ऐकू येते. काढून ठेवतात हे खरे आहे. दुधीच्या मोठमोठ्या, पाणचट फोडी घातल्या तर मोठी माणसेही काढून ठेवतील. आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी यावर उपाय काढला. शेवग्याचा पाला त्या देठापासून ओरबाडून घेतात, धुऊन बारीक चिरतात, लसणाच्या फोडणीत परततात आणि मग त्यावर मुगाची शिजलेली डाळ ओततात. पाला वेगळा दिसतच नाही, वरण थोडे हिरवट होते आणि मुले दुसऱ्यांदा वाढून घेतात. पालक असाच तुरीच्या वरणात जातो. गाजर किसून पुलावात घालायचे, चिरून नाही. मोड आलेल्या मटकीवर कच्चा कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि लिंबू पिळले की पोरे भेळ समजून खातात. हे ज्ञान कुठल्या प्रशिक्षणातून आलेले नाही, रोज साठ ताटे वाढून आलेले आहे. पण साठ मुलांसाठी पाला निवडायला, किसायला, चिरायला तास-दीड तास जास्त जातो, आणि स्वयंपाकी तथा मदतनीस म्हणून या बायांना महिन्याला २,५०० रुपये मानधन मिळते. भाजी वाढवा म्हणताना त्यांचे मानधन आहे तिथेच ठेवायचे, हे मला मान्य नाही. पोषण आहाराची गुणवत्ता शेवटी त्यांच्याच हातात आहे.

पैशांचेही बोलते. १ मे २०२५ पासून तांदूळ सोडून बाकी साहित्यासाठी प्राथमिकच्या मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे धरले आहेत. यात डाळ, तेल, मसाला, इंधन आणि भाजी सगळे आले. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. राज्याने आपल्याकडून यात जास्तीची भर घालायला कुणाची आडकाठी नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तशी घातलीही होती. आठवड्यातून एकदा अंडे, अंडे न खाणाऱ्याला केळे. जानेवारी २०२५ मध्ये तो निधी थांबवला आणि हवे असेल तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगितले. तमिळनाडूत शाळेच्या प्रत्येक दिवशी अंडे मिळते आणि आपल्याकडे आठवड्याचे एकही परवडत नाही, याचे वाईट वाटते. अंडे परत यावे, हे माझे स्पष्ट मत आहे. पण ते येईपर्यंत निदान जी भाजी प्रमाणात आधीच लिहिलेली आहे, ती तरी मिळावी.

त्यासाठी भाजीचे पैसे इंधनापासून वेगळे काढावेत आणि ते महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ द्यावेत. आणि भाजी गावातल्याच शेतकऱ्यांकडून किंवा महिला बचत गटाकडून घ्यावी. ब्राझीलने २००९ साली कायदाच केला, की शाळेच्या जेवणासाठी केंद्र सरकारकडून येणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यावर खर्च झाले पाहिजेत. मुलांना ताजे मिळाले, शेतकऱ्याला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. आपल्याकडे बाजार समितीचे भाव रोज जाहीर होतात. त्या दिवशीचा भाव लावून शाळेने पैसे द्यावेत. वजन स्वयंपाकी ताईंसमोर करावे, नोंद समितीच्या एका पालक सदस्याने सही करून ठेवावी. पावतीचा, लेखापरीक्षणाचा प्रश्न यात सुटतो. फुकट मागू नये, हे मी शेतकरी म्हणून सांगते. फुकट मागितले की बाजारात न खपलेला, दागी माल शाळेत येतो.

फवारणीबद्दलही आम्हा शेतकऱ्यांनी प्रामाणिक राहायला हवे. प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकावर फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेले असते. शाळेसाठी जो वाफा ठेवायचा, त्याचे ते दिवस पाळलेच पाहिजेत. मुले चार दाणे जास्त खातील या आनंदात विष पोटात जायला नको.

परसबागेचा आग्रह शासन धरते आणि तो योग्यच आहे. हात धुण्याच्या नळाचे पाणी जिथे जाते तिथे अळू आणि कुंपणाला शेवगा, एवढे तर कुठल्याही शाळेला जमते. तालुक्याच्या पश्चिमेकडे, डोंगराच्या बाजूला, पावसाळ्यात कुरडू, टाकळा, भारंगी, करटोली या रानभाज्या आपोआप उगवतात आणि तिथल्या आज्यांना त्या कशा निवडायच्या, कुठल्या आधी उकडून घ्यायच्या ते ठाऊक असते. त्यांना महिन्यातून एकदा शाळेत बोलवावे. मुलांनी स्वतः पाणी घातलेले वांगे ती कडेला काढून ठेवत नाहीत, हेही मी पाहिले आहे. पण परसबागेच्या चार वाफ्यांवर साठ मुलांची रोजची भाजी निघत नाही, आणि मे महिन्यात शाळा बंद असताना तिला पाणी घालायला कुणी नसते. बाग शिकण्यासाठी उत्तम आहे. तिच्याकडे बोट दाखवून भाजीचे पैसे देणे टाळू नये.

आणखी एक. शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे खाद्यपदार्थ विकू नयेत असा नियम केंद्राने २०२० साली केला आहे. फाटकासमोरच्या टपरीवर लोंबणारी पाकिटे पाहता तो गावापर्यंत पोहोचलेला दिसत नाही. ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर हे एका दिवसाचे काम आहे.

विदर्भ सोडला तर शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. मेथी-कोथिंबीर महिना-सव्वा महिन्यात हाती येते. कोणती भाजी कोणत्या वारी लागणार, ही यादी शाळांनी एप्रिलमध्ये सुट्टी लागण्यापूर्वी गावात लावली, आणि पैसे वेळेवर मिळतील एवढी हमी शिक्षण विभागाने दिली, तर आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे एखादा वाफा शाळेच्या नावाने मेमध्येच पेरतील. आम्ही तर पेरणारच आहोत. आपल्या वृत्तपत्राने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांमध्ये भाजी प्रत्यक्ष किती ग्रॅम पडते, याची पाहणी करून ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक भाजीपाला उत्पादक पालक,
ता. जुन्नर, जि. पुणे