वैजूला, भंडारदऱ्याहून आल्यावर

प्रिय वैजू,

दिवाळीनंतर तुला एक ओळही पाठवली नाही. रागावली असशील तर रागव, पण हे तुझ्याखेरीज कुणाला कळणार नाही म्हणून आज लिहायलाच बसले. इकडे सगळे ठीक. आईंची शुगर आटोक्यात, माझी पाठ आहे तशीच.

विषय ईराचा. नववीत गेल्यापासून पोरगी जेवतच नाही. म्हणजे पानावर बसते, पोळीचे बारीक तुकडे करते, भाजी ताटाच्या कडेला सारते आणि ‘झालं माझं’ म्हणून उठते. हे सारणं मी मेसमध्ये तुझ्याच शेजारी बसून पाहिलंय, वैजू. ऑक्टोबरात हिमोग्लोबिन 9.6 आलं. या वयात 12 तरी हवं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, घरचं साधं खाऊ द्या. साधंच तर करते गं, पण ते पोटात जायला हवं ना!

म्हणून नाताळच्या सुट्टीत सगळ्यांना घेऊन भंडारदऱ्याला तंबूत राहायला गेले. तिथे तयार जेवण मिळतं, ते मीच नको म्हटलं. मिलिंद कुरकुरला. त्याला तंबू म्हणजे चिकन आणि पाकिटातल्या शेवया. मी घरूनच तांदूळ आणि मूगडाळ समसमान घेऊन कोरडी भाजली, त्यात हळद, जिरं, मिरी घालून डबा भरला. तिथे नुसतं पाणी उकळायचं आणि गाजर-मटार टाकायचे. मटकी भिजवून ओल्या पंच्यात बांधून घेतली होती. तळ्याकाठी रात्री इतकी थंडी, की मोड येईनात. आईंनी ते गाठोडं सरळ आपल्या रजईत घेतलं आणि सकाळी हसत बाहेर काढलं. मोड कसले, शेपट्या होत्या! कांदा, टोमॅटो घालून वरून भरपूर लिंबू पिळलं, कारण लिंबाने डाळी-कडधान्यातलं लोह अंगी लागतं. चहाने उलट होतं, म्हणून चहा तासभर लांबवला. ईराला यातलं काही सांगितलं नाही. तुझी आई प्रत्येक घासाला ‘यात रक्त वाढतं’ म्हणायची आणि तू घास खाली ठेवायचीस, ते मी विसरलेले नाही.

खरी गोष्ट भाकरीची. तिथल्या शेंडी गावातल्या एका मावशींकडे नाचणीचं पीठ आणि वालाच्या शेंगा मिळाल्या. शेंगा ईरानेच मागितल्या. राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या. त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी वालाचे कितीतरी गावरान वाण जपलेत, हे सगळं तिने शाळेच्या प्रकल्पात लिहिलं होतं. मावशींना ती वाण विचारत बसली. किती महिन्यांनी तिला खाण्याच्या वस्तूबद्दल एवढं बोलताना ऐकलं!

तीन दगडांची चूल मांडली. वारा पाण्यावरून येत होता, म्हणून तोंड गावाकडे केलं. नाचणीला गव्हासारखा चिकटा नसतो, पीठ उकळत्या पाण्यात उकडून गरम असतानाच मळावं लागतं. आईंनी परात ईरापुढे सरकवली आणि ‘मळ’ एवढंच म्हणाल्या. पहिली भाकरी कडेने फाटली, दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. आई पाण्याचा हात कसा फिरवायचा ते दाखवत राहिल्या. मग एक निखाऱ्यावर टम्म फुगली आणि कार्टी ओरडली, ‘आज्जी, बघ!’ तीच भाकरी तिने मोडली, शेंगांच्या रश्शात बुडवली आणि खाल्ली. मोजायचं नाही असं ठरवूनही मी मोजलं. दीड भाकरी. वर भात. मी उठून भांडी विसळायला गेले.

आता ऐक. घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा ‘भूक नाही’. मी नाचणीचीच भाकरी केली होती, तीही तशीच राहिली. म्हणजे भाकरीचा गुण नव्हता तो. मग कशाचा? चालण्याचा? स्वतः थापण्याचा? आरसा नव्हता याचा? रात्रभर हेच.

कळसूबाई आठवते? बारी गावातून चढताना नुसत्या लिमलेटच्या गोळ्यांवर 1646 मीटर गाठलेस, आणि वर चक्कर आली ती ‘उन्हाने’, असं अजून म्हणतेस! जानेवारीत कसलं ऊन, बाई? त्यानंतरच मी रेक्टरबाईंना सांगितलं आणि तू महिनाभर बोलली नाहीस. मी बरोबरच केलं होतं आणि आजही तेच करेन. पण ईराच्या बाबतीत कुणाला सांगू? डॉक्टरीणबाई समुपदेशकांचं नाव देतात. मी जाणार आहे, वेळही घेतली आहे. मिलिंद म्हणतो, वय आहे, जाईल. तूच सांग, तेव्हा आम्ही पानावर गप्प बसायला हवं होतं की बोलायला? आणि बोलायचं तर काय? हे पुस्तकात मिळत नाही गं, तुलाच माहीत असणार.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? काकूंचा गुडघा कसा आहे? निनादची बदली झाली असेल तर कळव, सगळं एकदम.

रविवारी फोन कर. साडेचार ते सहा ईरा क्लासला असते, मोकळेपणी बोलता येईल.

तुझी,
माधुरी